धातुक आधी का भाजतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुलगी दहावीत आहे. धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात ते खनिज. सल्फाइडाचे (गंधकाच्या संयुगाचे) धातुक भरपूर हवेत तापवणे म्हणजे भाजणे, कार्बोनेटाचे धातुक मर्यादित हवेत तापवणे म्हणजे निस्तापन, असे ती शिकते. शेवटी दोन्हींत ऑक्साइडच मिळते, मग हवेचा फरक कशाला, असे ती विचारते. (मांजलपूर)

फार चांगला प्रश्न. ऑक्साइडमधला ऑक्सिजन आला कुठून, हे तिला शोधायला सांगा. झिंक कार्बोनेटात तो आधीपासूनच असतो. तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १२५ ग्रॅम कार्बोनेटामागे साधारण ८१ ग्रॅम झिंक ऑक्साइड उरते. हवेकडून काहीच घ्यावे लागत नाही. सल्फाइडात मात्र ऑक्सिजन नसतोच. जस्तालाही तो हवेतून मिळायचा आणि गंधकालाही, म्हणून हवा कमी पडली तर आतले सल्फाइड तसेच राहते.

उष्णतेचा फरकही तिला जरूर सांगा. निस्तापनाला उष्णता सतत पुरवावी लागते. चुनखडीला तर सुमारे ९०० अंश सेल्सिअस. सल्फाइड एकदा पेटले की स्वतःच उष्णता देते. जस्ताच्या कारखान्यात या भट्टीतून उष्णता काढून घ्यावी लागते आणि तिच्यावर वाफ तयार करतात.

मी फाउंड्रीत काम करतो. जस्ताच्या सल्फाइडात थेट कोक घातला तर भाजण्याचा खर्च वाचणार नाही का? (मकरपुरा)

नाही. कोक म्हणजे मुख्यतः कार्बन, आणि कार्बनची ओढ ऑक्सिजनकडे आहे, गंधकाकडे नाही. ऑक्साइडातला ऑक्सिजन तो हिसकावून घेतो. सल्फाइडापुढे त्याचे फारसे चालत नाही. शिवाय आज बहुतेक जस्त विद्युत अपघटनाने, म्हणजे द्रावणातून वीज सोडून, काढतात. त्यासाठीही भाजणे लागते, कारण ऑक्साइड विरल सल्फ्युरिक आम्लात सहज विरघळते.

हे आम्ल येते भट्टीच्याच वायूतून. १ टन शुद्ध झिंक सल्फाइड भाजले की सुमारे ६५७ किलो सल्फर डायऑक्साइड निघतो आणि त्यापासून जवळजवळ १ टन सल्फ्युरिक आम्ल होऊ शकते. हा वायू धुराड्यातून सोडून देणे म्हणजे माल वाया घालवणे आणि आसपासची पिके जाळणे. भाजण्याचा कारखाना पाहायला गेलात तर भट्टी पाहण्याआधी आम्लाचा विभाग नीट चालतो का, ते पाहा.

हिंगूळ (पाऱ्याचे सल्फाइड) भाजल्यावर ऑक्साइड न मिळता थेट पारा का मिळतो? (दांडिया बाजार)

पाऱ्याचे ऑक्साइड सुमारे ५०० अंशांवर टिकतच नाही. वाफ थंड केली की पारा हाती येतो.

जावरच्या जुन्या जस्तभट्ट्यांशी बडोद्याचा संबंध होता म्हणतात, खरे का? (रावपुरा)

खरे आहे, आणि बडोदेकरांना हे माहीत असायलाच हवे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे १९८० च्या दशकात आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून उत्खनन केले. विद्यापीठाकडून के. टी. एम. हेगडे यांचे काम मोठे. तिथे एकेका भट्टीत वांग्याच्या आकाराच्या ३६ मुशी उलट्या लावलेल्या सापडल्या. जस्त ९०७ अंशांवर उकळते, म्हणजे ऑक्साइडातून सुटताच त्याची वाफ होते, आणि हवा लागली की ती पुन्हा ऑक्साइड बनते. म्हणून मुशीचे तोंड खाली. वाफ खालच्या थंड भांड्यात उतरून गोठायची. तिथले धातुक सल्फाइडाचे, तेव्हा मुशीत भरण्याआधी ते भाजणे आलेच.

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलाला गच्चीवर शेगडीत गॅलिनाचे तुकडे भाजून दाखवायचे आहेत. काय काळजी घ्यावी? (वाडी)

कृपया करूच नका. गॅलिना म्हणजे शिशाचे सल्फाइड. शिशाचा धूर मुलांच्या मेंदूला इजा करतो, सल्फर डायऑक्साइडाने दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो, आणि अशा धातुकांत कधीकधी आर्सेनिकही असते. रुमाल बांधून यातले काही अडत नाही.

त्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, कठीण काचेच्या परीक्षानळीत चमचाभर हिरवे कॉपर कार्बोनेट तापवू द्या. पूड काळी पडते, ते कॉपर ऑक्साइड. निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. ज्योत विझवण्याआधी ती नळी निवळीतून बाहेर काढायची, नाहीतर पाणी मागे ओढले जाऊन तापलेली काच तडकते.