आधी शाळेचा रस्ता विचार

कॉव्हेंट्री, इंग्लंड,
रविवार, रात्री उशिरा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. केअर होममधल्या आजी-आजोबांच्या लहानपणाच्या आठवणी लिहून घ्यायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. तिघांशी बोललीस आणि तिघांनीही एकच सांगितलं, 'गरिबी होती, पण मजेत होतो, दारं कुणी लावायचं नाही.' पुढे गाडी हलेना. 'मावशी, यांना खरंच काही आठवत नाही का?' असं विचारतेस.

आठवतं गं सगळं. तू विचारतेस ते चुकतंय. मीसुद्धा शाळेतून निवृत्त होऊन हा उद्योग सुरू केला तेव्हा 'तुमचं बालपण कसं होतं?' हेच विचारत हिंडायचे. तुझ्या आजीला वाईत जाऊन कुणी असं विचारलं तर ती काय सांगेल? 'बरं होतं की,' म्हणेल आणि पुढ्यातली मेथी निवडायला घेईल.

तू रस्ता विचार. दारातून बाहेर पडलात, डावीकडे वळलात की उजवीकडे? बरोबर कोण होतं? कोपऱ्यावर कसलं दुकान? कुठल्या घराशी आल्यावर पळायला लागायचात? एकदा पाय चालायला लागले की तोंड आपोआप सुरू होतं. एक आजोबा मला तासभर 'फार काही आठवत नाही' म्हणत होते. रस्ता विचारला, तर म्हणाले, 'तेरा नंबरच्या घरापुढे घरच नव्हतं.' १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री या गावावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, साडेपाचशेहून जास्त माणसं मेली, हे तू म्युझियममध्ये वाचलं असशील. आजोबांच्या आठवणीत मात्र ती रात्र नाहीच, ते तेव्हा पाळण्यात होते. त्यांच्या आठवणीत आहे ती पाच-सहा वर्षांनंतरची मोकळी जागा. शेजारच्या भिंतीवर, वरच्या मजल्याच्या उंचीला, अधांतरी राहिलेली शेगडीची चौकट आणि तिच्याभोवती फुलाफुलांचा वॉलपेपर. खाली विटांचे ढीग आणि त्यांवर उगवलेलं गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांचं रान. आईची सक्त ताकीद होती की तिथे पाय ठेवायचा नाही. त्यामुळे सगळी गल्ली दुपारभर तिथेच. आजोबांना ती जागा उद्ध्वस्त वाटलीच नव्हती. ते म्हणाले, 'ते आमचं मैदान होतं. पुढे तिथे घरं बांधली तेव्हा मला फार राग आला.'

हे वाक्य 'कसं वाटलं?' विचारून मिळालं नसतं.

दुसरं, वस्तू विचार. किंमत, वजन, वास. आता जे ऐंशीच्या घरात आहेत त्यांच्यातले बरेच १९४५ नंतर शाळेत गेलेले. त्यांना दुधाचं विचारलंस तर बघ कसे बोलतात. १९४६ च्या ऑगस्टपासून सगळ्या शाळकरी मुलांना दूध फुकट, रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे आपल्या हिशेबानं पावशेरालाही थोडं कमी. छोटी काचेची बाटली, तोंडावर पुठ्ठ्याची चकती, चकतीला मधोमध दाबून पाडायचं भोक. थंडीत दूध गोठायचं म्हणून बाई क्रेट शेगडीजवळ ठेवायच्या आणि मग ते कोमट, वास मारणारं दूध नाक दाबून प्यायचं. चकत्या मात्र कुणी टाकायचं नाही. दोन चकत्या जोडून, लोकर गुंडाळून त्यांचे गोंडे करायचे. १९७१ मध्ये सातच्या वरच्या मुलांचं दूध बंद झालं, तेव्हा शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर होत्या. या विषयावर तुझ्या केअर होममध्ये भांडण लागू शकतं, जपून.

१९४७ ची थंडी विचार. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ, वर कोळशाची टंचाई आणि मग पूर. संडास अंगणापलीकडे, तेही गोठलेले. कोळसा नाही म्हणून शाळा बंद. मुलांना यात दुःख कसलं?

शाळेच्या जेवणातल्या गोडाचंही विचार. टॅपिओका म्हटलं की या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्याला ते 'बेडकाची अंडी' म्हणायचे. म्हणजे आपली साबुदाण्याची खीरच, वेलदोडा आणि प्रेम वगळून. मी एकदा उपासाच्या दिवशी एका गटाला आपली खीर नेऊन दिली. सभ्यपणानं दोन चमचे खाल्ले सगळ्यांनी. पुन्हा नेली नाही.

आता माझी एक चूक सांगते, कारण तू ती करशीलच.

एक आजी होत्या, १९४२ च्या जन्माच्या. त्या म्हणाल्या, 'मी सात वर्षांची असताना गोळ्या-चॉकलेटांचं रेशन उठलं. आम्ही दुकानापुढे रांग लावली. आणि मग उन्हाळ्यात ते परत आलं.' मी अभ्यास करून गेले होते ना! मला पाठ होतं, गोळ्यांचं रेशन ५ फेब्रुवारी १९५३ ला उठलं. मी शहाणपणानं म्हटलं, 'नाही, तेव्हा तुम्ही अकरा वर्षांच्या असाल.' बाई गप्प झाल्या. 'असेल,' म्हणाल्या. चहा घेतला. पुढच्या खेपेला मी गेले तर त्यांचं एकच, 'मला आता नीट आठवत नाही.'

घरी येऊन जुनी वर्तमानपत्रं काढली. २४ एप्रिल १९४९ ला रेशन उठलं होतं. मागणी इतकी उसळली की दुकानं रिकामी पडली आणि त्याच ऑगस्टमध्ये ते पुन्हा लागू झालं. बाईंना ऋतूसुद्धा बरोबर आठवत होता. चुकले होते मी, आणि माझ्या एका तारखेपायी त्यांचा त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी घालवून बसले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तसंही सगळे दिवसभर 'विसरलात तुम्ही' म्हणत असतात. त्यात आपली भर.

म्हणून समोर बसलेली असताना कुणालाही दुरुस्त करायचं नाही. सनावळ्या नंतर ताडून बघ. पावाचं रेशन युद्धात नव्हतंच, ते आलं युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ला, आणि दोन वर्षं राहिलं. मांसाचं सगळ्यात शेवटी, जुलै १९५४ ला उठलं. रेशनच्या पुस्तकांचे रंगही वेगळे होते. पाच वर्षांखालच्यांचं हिरवं, शाळकरी मुलांचं निळं, मोठ्यांचं बदामी. कुणी म्हणालं 'माझं पुस्तक निळं झालं त्या दिवशी मी मोठा झालो', तर त्यांचं वय तुला न विचारता कळलं. आणखी खात्री हवी असेल तर काउंटीच्या अभिलेखागारात जा. मुख्याध्यापकांनी शाळेची रोजनिशी ठेवायची पद्धत इथे १८६० च्या दशकापासून आहे. कोळसा संपला, गोवर आला, पर्यवेक्षक येऊन गेले, सगळं दोन-दोन ओळींत. मात्र रोजनिशीत दुधाच्या चकत्यांचे गोंडे सापडणार नाहीत. त्यासाठी तुलाच बसावं लागेल.

आपल्याकडच्या गोष्टींशी तुलना मनात येतेच. येऊ दे, पण बोलणाऱ्याला तोडून 'आमच्याकडे पण' म्हणू नकोस. त्यांचा धागा तिथेच तुटतो. मोका बघून, अडलेली गाडी ढकलायला म्हणून एखादी गोष्ट द्यावी. गणितावर एक आजोबा अडले होते. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, त्यात अर्धा पेनी आणि पाव पेनी. त्यांना वाटलं, दशमान पैशांत वाढलेल्या बाईला हे काय समजणार. मी म्हटलं, मी पहिलीत असताना, १ एप्रिल १९५७ ला, आमच्याकडे नवे पैसे आले. त्याआधी सोळा आण्यांचा रुपया. माझ्या आजीनं पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ केलेली होती आणि मरेपर्यंत ती चार आणे, आठ आणेच म्हणत राहिली. आजोबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याकडे बदल १५ फेब्रुवारी १९७१ ला झाला. मग फळ्यावरचे हिशेब, निबाच्या टाकाचे डाग, शाईच्या दौती भरायचा मान कुणाला मिळायचा, बोटांवर बसलेली पट्टी, सगळं आलं. जाताना म्हणाले, 'तुमचे सोळा आमच्या बारापेक्षा वाईट.' मी मान्य केलं.

जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात काहीबाही देणारा घोडागाडीवाला असाच. ओरडत यायचा, काय ओरडायचा ते कुणालाच कधी कळलं नाही. चिंध्या दिल्या की मुलांना फुगा, नशीब असेल तर गोल्डफिश. बोहारणीशी घासाघीस करणारी आपली आई डोळ्यांपुढे आली की नाही? घोड्याची लीद उचलायला मुलं बादली घेऊन धावायची, परसातल्या गुलाबांना घालायला.

खेळ विचारशील तेव्हा एक गंमत कर. पळापळीत धाप लागली, बुटाची नाडी सुटली, तर काय ओरडायचात? आपण 'टाइमप्लीज' म्हणायचो ना, तसं. आयोना आणि पीटर ओपी या जोडप्यानं १९५० च्या दशकात देशभरातल्या शाळांमधून असे शब्द गोळा केले होते. बोटांची अढी घालून लंडनकडे 'फेनाइट्स' म्हणायचे, इकडे पश्चिमेला 'बार्ली', न्यूकॅसल-डरहॅमकडे 'स्किंच'. तुझ्या होममध्ये चार गावांची माणसं असतील तर चार शब्द मिळतील आणि प्रत्येक जण दुसऱ्याला अडाणी ठरवेल. साठ वर्षं न उच्चारलेला शब्द माणसाच्या तोंडून निघतो तेव्हा त्यालाच नवल वाटतं. ते बघायला मी अजून जाते.

अवघड भागाकडे मात्र तू होऊन जाऊ नकोस. अकराव्या वर्षीची परीक्षा असायची. साधारण चार-पाचांतला एक पास होऊन ग्रामर स्कूलला, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या शाळेला जायचा, बाकीचे दुसऱ्या शाळांत. निकालाचं पाकीट घरी यायचं. एका बाईंनी मला दीड तास दोरीवरच्या उड्यांची गाणी सांगितली. मी रेकॉर्डर बंद केला, कोट चढवला, तेव्हा म्हणाल्या, 'मी पास झाले होते. गणवेशाचे पैसे नव्हते म्हणून पाठवलं नाही. आईनं शेजारच्यांना सांगितलं, नापास झाली.' मी रेकॉर्डर पुन्हा लावला नाही. बसले परत. नंतर त्यांना विचारून, नाव न घालता, दोन ओळी लिहिल्या. तूही तसंच कर. शेवटची बस चुकली तरी चालेल, मी न्यायला येईन.

'गरीब पण मजेत' ऐकून वैतागू नकोस. ते त्यांचं 'टाइमप्लीज' आहे. थोडा दम खाऊ दे.

आणि हो, वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा असायचा, साम्राज्य गुलाबी रंगात. १९४७ नंतरही बऱ्याच शाळांत जुनाच टांगलेला होता, नवा घ्यायला पैसे कुठे होते? कुणी तुला तो नकाशा सांगेल आणि एकदम ओशाळेल. तू हसून 'मग आम्ही कुठे होतो त्यात?' म्हण. बोट दाखवायला लाव. माझ्या बाबतीत एका आजोबांनी सिलोनवर बोट ठेवून 'इंडिया' सांगितलं होतं. दुरुस्त केलं नाही हो.

गुरुवारी जाणार असशील तर देशी दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन जा. गोळ्या रेशनवर होत्या, पण ज्येष्ठमधाच्या काडीला कूपन लागत नसे. मुलं ती औषधांच्या दुकानातून आणून दिवसभर चावायची, पार कुंचला होईपर्यंत. तोंडात घातली की रस्ता, दुकान, दुकानदाराची टक्कल सगळं येतं. फक्त आधी नर्सला विचार. रक्तदाबवाल्यांना ज्येष्ठमध चालत नाही. त्यांना नुसता वास दे.

तुझी,
मावशी