आई गेल्यावर रोजचा आनंद कुठून आणायचा? माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग बराच वेळ झोप आली नाही. तुम्ही लिहिलंय की आई जाऊन आठ महिने झाले, घरात तुम्ही एकट्याच असता, कशातच मन लागत नाही, आईला न विसरता रोजचा दिवस आनंदात कसा काढायचा, आणि तिच्या नावाने काहीतरी चांगलं करायचं आहे पण जवळ पैसे फार नाहीत. आणि मधेच एक ओळ लिहून गेलात की आई शिलाई मशीनवर गल्लीतल्या पोरांच्या शर्टाची बटणं आणि दप्तराचे तुटलेले बंद फुकटात शिवून द्यायची. त्या ओळीवर शेवटी येतो, आधी माझं सांगतो, कारण मी पण ह्यातून गेलोय.

मी दर्यापूर तालुक्यातला, तीन एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर घेतो, बाकीच्या दिवसांत मोटार वाइंडिंगचं काम करतो. आमचा भाग म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णा नदीच्या आजूबाजूचा, अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. जमीन काळी कुळकुळीत पण जमिनीखालचं पाणी खारं, बोअर मारला तर पाणी लागतं पण तोंडात घेववत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला देत राहिलं तर जमीनच कडक होऊन बसते. आबाजीच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या काळी गोड पाणी बैलगाडीवर ड्रम ठेवून दुरून आणावं लागायचं. आता शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, पण रोज येत नाही. म्हणून आमच्याकडे कोणी आल्याआल्या गडवाभर गोड पाणी पुढे केलं तर त्याला किंमत असते, हे बाहेरच्या माणसाला लवकर समजत नाही.

माझे बाबा दर उन्हाळ्यात आमच्या फाट्यावर कडुनिंबाखाली रांजण भरायचे. गुढीपाडव्याला रांजण बसायचा आणि मृगाचा पाऊस पडला की उलटा करून घरी यायचा. सायकलच्या कॅरिअरला दोन कॅन बांधून सकाळी पाच-साडेपाचला निघायचे. मी लहान असताना मला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू, शाळेतले पोट्टे म्हणायचे तुझा बाप पाणी वाहते. बाबांचं एकच म्हणणं, "पानी पाजाले पैसा लागत नाई बापू, येळ लागते." आणि दुसरा नियम असा की रांजणावर कोणाची जात विचारायची नाही, ओगराळं एकच, पेला एकच, सगळ्यांना तोच. आज हे साधं वाटतं पण त्यांच्या लहानपणी गावात पाणी भरायच्या जागाच वेगळ्या होत्या, त्यामुळे ते ह्या बाबतीत फार कडक होते.

चार वर्षांआधी डिसेंबरात बाबा गेले. तेरवीला मी कर्ज काढलं. भाऊबंद म्हणाले माणूस मोठा होता, मान राखला पाहिजे, मग तीनशे माणसं जेवली, बुंदी, भजे, सगळं झालं, आणि ते कर्ज फेडायला मला दोन हंगाम लागले. ती तेरवी मला अजून बोचते. कारण आमचं गाव गाडगेबाबांच्या शेंडगावपासून लांब नाही, अंजनगाव सुर्जी तालुका आमच्या शेजारचाच, आणि हा माणूस आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत फिरला की कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, त्यापेक्षा जेवणाचं ताट मोडा, हातावर भाकर खा पण लेकरांना शिकवा. लहानपणापासून ऐकलेलं, तरी वेळ आली तेव्हा मी लोकांच्या तोंडाला भ्यायलो. म्हणून सांगतो ताई, आईच्या नावाने जे काही कराल त्यात लोक काय म्हणतील हे आणू नका, आईला काय आवडलं असतं तेवढंच बघा.

मग आली अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यात गार पाणी, वाळ्याच्या दोन काड्या, वर आंबा किंवा डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आणि नैवेद्याला पुरणपोळी, आंब्याचा रस, चिंचवणी, कुरडया, भजे. बाबांची पहिलीच घागर होती. मायनं एकेक नाव घेतलं, आबाजी, आबाजीचे वडील, मग थांबली आणि बाबांचं नाव घेतलं. मी रडलो नाही, पण घास पण उतरला नाही. दुपारी घरात कोंडल्यासारखं झालं म्हणून चालत फाट्यावर गेलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कडुनिंबाखाली तीन विटा तशाच होत्या, रांजण घरी उलटा पडलेला. तिथे एक म्हातारी एसटीची वाट पाहत बसली होती, मला ओळखत नव्हती, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "बापू, औंदा रांजन नाई भरला का कोनं?"

बस एवढंच. पण मला अजून ते वाक्य आठवलं की गळा भरून येतो. घरी आम्ही बाबांना पाणी दिलं होतं, घागर भरून, नाव घेऊन, आणि ज्या पाण्यासाठी लोक बाबांना ओळखत होते त्या जागी एक म्हातारी तहानलेली बसली होती. मी तसाच मागे आलो, घरातली ती घागर काखेत घेतली आणि फाट्यावर नेली. माय काही बोलली नाही, फक्त पेला हातात दिला. म्हातारी प्यायली, उरलेलं पाणी डोळ्याला लावलं, तेवढ्यात गाडी आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी रांजण काढला. आता हे जरा सविस्तर सांगतो कारण चांगलं काम म्हटलं की लोकांना भाषण आठवतं, पण मला तरी आनंद ह्या बारीकसारीक गोष्टीतच सापडला. रांजण कोरडा पडला असेल किंवा नवा आणला असेल तर आधी रात्रभर पाणी भरून ठेवायचं, ते पाणी झाडाला टाकायचं, त्याला मातीचा वास असतो. आतून नारळाच्या शेंडीने घासायचा, साबण अजिबात लावायचा नाही, माती साबण पिऊन घेते आणि मग महिनाभर पाण्याला वास येतो. खाली वाळूची बैठक करायची आणि ती वाळू ओली ठेवायची, भोवती तरट गुंडाळून त्याच्यावर सकाळ-दुपार पाणी मारायचं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून बाहेर येतं, उन्हाने त्याची वाफ होते आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून आत गार राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा एकदम कोरडी, म्हणून रांजण जेवढा विदर्भात गार होतो तेवढा समुद्राकाठी होत नाही, आणि पावसाळा लागला की आमच्याकडेही होत नाही. हे मला मोटारीचं काम करणाऱ्याला आधीच समजायला पाहिजे होतं, पण बाबांचं तरट ओलं करता करता समजलं.

सोपं नव्हतं. नळ एक दिवसाआड, बायको म्हणाली आपल्यालाच पुरत नाही आणि तुम्ही फाट्यावर नेता, तिचं चूक नव्हतं. मग आम्ही ठरवलं की कपडे-भांडे बोअरच्या पाण्याने आणि गोड पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, त्यातून दोन कॅन निघतात. ओगराळं दोनदा चोरीला गेलं, मी फार चिडलो, तिसऱ्यांदा साखळी लावली. मागच्या वर्षीपासून फाट्यावरचा चहावाला दुपारचं तरट ओलं करतो, मी न सांगता. माझ्या पोरीनं जर्मनचा एक जुना गंज, म्हणजे अल्युमिनियमचं पातेलं, झाडाच्या फांदीला टांगला, चिमण्यांसाठी, आता तिथे साळुंक्या येऊन आंघोळ करतात आणि पाणी खाली उडवतात, ते पाहायला ती सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर पहाटे उठते. मला जर कोणी विचारलं की तुझा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ कोणता तर हाच, साडेपाच वाजता, रिकाम्या रांजणात पहिल्यांदा पाणी पडतं तो आवाज, आणि रिकामा भरत जातो तसा तो आवाज बारीक बारीक होत जातो. तेव्हा बाबा शेजारी उभे आहेत असं मला वाटतं.

रडू येतं का, येतं. गाडगेबाबांबद्दल सांगतात की कीर्तन चालू असताना एकुलत्या एक मुलाच्या मरणाची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असे कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडू असं म्हणाले. मी ते कधीच करू शकणार नाही आणि तुम्हाला पण करा म्हणणार नाही. ते सगळ्या जगाचे बाप झाले होते, आपण एका आईचे लेकरं आहोत. पण त्यांच्या हातातला झाडू मला आठवतो. गावात शिरले की आधी रस्ता झाडायला लागायचे, कीर्तन रात्री. म्हणजे आधी हात चालवायचे मग तोंड. वीस डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी ते गेले, आज सत्तरीच्या घरात वर्षं झाली, तरी आमच्या भागात त्या दिवशी पोरं झाडू घेऊन गाव झाडतात, आणि मला वाटतं ह्याच्याइतकी खरी आठवण दुसरी नाही, त्यांनी जे केलं तेच करणे.

एकदा गुरुकुंज मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात पण जाऊन या, जमलं तर. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथीला त्याच वेळेला तिथे मौन श्रद्धांजली होते. मी बाबांसोबत गेलो होतो. एवढा अफाट जनसमुदाय, लेकरं, म्हातारे, भजनी मंडळं, खंजिऱ्या वाजत असतात, आणि त्या मिनिटाला सगळं बंद. पायाखालचा पाचोळा ऐकू येईल एवढं शांत. बाबांनी माझा हात धरला होता, त्यांच्या हाताला सायकलच्या हँडलचे घट्टे होते, तेच मला आठवतात. त्या दिवसापासून घरी आम्ही पण एक केलं, संध्याकाळी दिवा लावला की दोन मिनिटं सगळे गप्प बसतो, मोबाईल बाजूला, आणि मग माय जुन्या माणसाची एक गोष्ट सांगते. कधी आबाजीच्या बैलाची, कधी दुष्काळात अमेरिकेची लाल ज्वारी खाल्ली त्याची. पोरं हसतात. गेलेल्या माणसाचं नाव घरात हसत घेतलं जातं तेव्हा दुःखाची धार कमी होते, हा माझा अनुभव आहे, फक्त फोटोला हार घालून होत नाही.

आता तुमचं. तुम्ही म्हणता पैसे नाहीत, काय करू. ताई, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, तुम्ही ते घाईत लिहून पुढे गेलात. ती शिलाई मशीन घरात आहे ना अजून? तिच्यावर कपडा झाकून ठेवला असेल तर आज काढा. आठ महिने बंद आहे म्हणजे पायडल जड झालं असेल, मशीनचं तेल आणा, शटल काढून आतला धाग्याचा कचरा ब्रशने साफ करा, तेलाच्या भोकांत दोन-दोन थेंब टाका, आणि आधी जुन्या फडक्यावर दहा मिनिटं चालवा म्हणजे तेल कपड्याला लागणार नाही. शिवता येत नसेल तरी बटण हाताने लावता येतं, चार भोकाचं असेल तर दोऱ्याचे चार-पाच वेढे, आणि खाली आगपेटीची काडी धरून लावा म्हणजे बटण घट्ट आवळून बसत नाही, काज्यात नीट जातं. आईच्या डब्यात जुनी बटणं असतील, बहुतेक बायका ठेवतात, माझ्या मायचा पण आहे, बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

पहिल्या दिवशी कोणी येणार नाही. माझ्या रांजणावर पण पहिल्या आठवड्यात लोक विचारायचे की विकत आहे का. गल्लीतल्या एकाच पोराला बोलवा, ज्याचं बटण तुटलेलं दिसेल त्याला, आणि शिवताना त्याला आईबद्दल एखादी गोष्ट सांगा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांचे दप्तरं आणि गणवेश बाहेर निघतात, तेव्हा दाराशी पोरांची रांग लागेल बघा. डब्यात कोणती बटणं निघाली ते मला इथे नक्की लिहा, मी वाट पाहतो.