विदारण, झीज, धूप: मुलांना सांगताना कोणता शब्द कुठे?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. पाठ्यपुस्तकात ‘विदारण’ येतं, कंसात ‘अपक्षय’ येतं, पुढे ‘विस्तृत झीज’ आणि ‘क्षरण’ येतं. घरी मात्र मुलं ‘जमिनीची धूप’ ऐकतात. हे सगळं एकच का, आणि मुलांना कसं सांगायचं?

एकच नाही. खडक जागच्या जागी फुटतो, भुसभुशीत होतो, कुजतो, ते विदारण. सुटलेला माल पाणी, वारा किंवा हिमनदी उचलून पुढे नेते, ते क्षरण. माल जागेवरून हलला की नाही, एवढंच मुलांना आधी विचारायला लावा.

संस्कृतातल्या धातूंनीही हा भेद जपलाय. विदारणात ‘दॄ’ म्हणजे फाडणं, चिरणं आहे, ‘हृदयविदारक’ त्यातलाच. क्षरणात ‘क्षर्’ म्हणजे पाझरणं, वाहून जाणं आहे. जे क्षरत नाही ते अक्षर, हे मुलांना सांगितलं तर ‘क्षरण’ शब्द कायमचा लक्षात राहतो. अपक्षयातला ‘क्षय’ मात्र वेगळ्या धातूचा. त्यामुळे अपक्षय आणि क्षरण यांची गल्लत नको, कानाला ते कितीही जवळचे वाटले तरी.

विदारणासाठी आपल्याकडे एक अस्सल रोजचा शब्द आहे, तो वर्गात फारसा येत नाही याची मला खंत वाटते: मुरूम. दख्खनच्या पठारावर विहीर खणणाऱ्याला वर माती, मग मुरूम, मग कातळ लागतो. मुरूम म्हणजे विदारण अर्ध्यावर आलेला बेसाल्ट. घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला पाहा, मुरमात गोल गोल दगड अडकलेले दिसतात. त्यांचं तांबूस-पिवळं आवरण कांद्याच्या पापुद्र्यासारखं नखानेही सुटतं आणि आत काळा, टणक गाभा निघतो. पाणी भेगांतून शिरतं, खडकातलं लोह गंजतं. कोपऱ्यांवर मारा दोन-तीन बाजूंनी होतो, म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनी तुकडा गोल होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड असा जागेवरच माती होत चाललेला मुलांना हातात धरता येतो.

‘धूप’ शब्दाची मजा अशी की तो माती, वाळू, किनारा यांच्याशीच जुळतो. शेत धुपतं, किनारा धुपतो. खडकाची धूप कोणी म्हणत नाही, तिथे झीज होते. आणि ती धूप स्त्रीलिंगी. देवापुढचा तो धूप पुल्लिंगी.

खरा गोंधळ ‘झीज’ करते. बोलण्यात ती सगळ्यालाच चालते, पण ‘विस्तृत झीज’ ही परिभाषा आहे: सुटा माल गुरुत्वाकर्षणाने उतारावरून खाली येणं. दरड कोसळणं हा त्याचाच ओळखीचा प्रकार. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला तो असा, पावसाने भिजून. वर्गात ‘दरड’च म्हणावं, परिभाषा मागून येऊ दे.

निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीपात्राच्या खडकातले रांजणासारखे खड्डे, मुलं हमखास विदारणात टाकतात, कारण तिथे खडकच झिजलेला दिसतो. पण कुकडी नदीच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरत पात्राचा बेसाल्ट घासत राहिले आणि निघालेला चुरा नदीने नेला. फोडणारीही नदीच, नेणारीही नदीच, म्हणून ते क्षरण.

परीक्षेत पुस्तकातलेच शब्द लिहू द्या. तोंडी शिकवताना मी ‘फुटणं-कुजणं’, ‘घसरणं’, ‘वाहून जाणं’ आणि ‘साचणं’ ही क्रियापदं वापरीन. चौथं संचयनासाठी, त्याचा गाळ दरवर्षी धरणांत दिसतोच.