वसुदेव की वासुदेव?

प्रश्न असा आहे: जन्माष्टमीच्या एका पत्रिकेत ‘वासुदेव-देवकीचा पुत्र’ असे छापलेले आढळले, कृष्णाच्या वडिलांचे नाव वसुदेव, वासुदेव असे दोन्ही प्रकारे लिहिता येते का?

येत नाही. वडील वसुदेव आणि मुलगा वासुदेव. येथे काना हा केवळ ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न नसून त्याने एक पिढी बदलते. ‘वसुदेवसुतं देवं कंसचाणूरमर्दनम्’ हा श्लोक अनेकांना पाठ असतो. त्यात पहिल्या अक्षराला काना देऊन ‘वासुदेवसुतम्’ म्हटले, तर वंदन कृष्णाला न होता त्याच्या मुलाला, म्हणजे प्रद्युम्नाला, होईल.

‘अमक्याचे अपत्य’ असा अर्थ दाखवणारा तद्धित प्रत्यय लागला की संस्कृतात मूळ शब्दाच्या पहिल्या स्वराची सामान्यतः वृद्धी होते: अ चा आ, उ चा औ, आणि ऋ चा आर्. पांडूचे पांडव, कुरूचे कौरव, यदूचे यादव, द्रुपदाची द्रौपदी, जनकाची जानकी, पर्वताची पार्वती हे शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांतला बाप आपल्याला ऐकू येतोच असे नाही. वृष्णिकुळातील, म्हणजे कृष्णाच्या कुळातील, नावांपुरते पाणिनीने ‘ऋष्यन्धकवृष्णिकुरुभ्यश्च’ (४.१.११४) या सूत्रात ‘अण्’ प्रत्यय सांगितला आहे आणि काशिकावृत्ती या पाणिनीवरील जुन्या टीकेने तेथे उदाहरण म्हणून ‘वासुदेव’ हाच शब्द घेतला आहे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मला गीतेच्या शेवटी दिसतो. संजय म्हणतो, ‘इत्यहं वासुदेवस्य पार्थस्य च महात्मनः’ (१८.७४). पार्थ म्हणजे पृथेचा मुलगा. पृथा म्हणजे कुंती, शूराची मुलगी आणि वसुदेवाची सख्खी बहीण. कुंतिभोजाला दत्तक दिल्यामुळे तिचे नाव कुंती पडले. म्हणजे ज्या दोघांचा संवाद आपण तत्त्वज्ञान म्हणून वाचतो, त्यांची नावे त्या एका ओळीत भावाच्या मुलाला भावावरून आणि बहिणीच्या मुलाला बहिणीवरून दिलेली आहेत. आत्तेभाऊ-मामेभावाचे नाते व्याकरणानेच सांगितले आहे!

अर्थात ‘वासुदेव’ हा शब्द नुसता पितृवाचक राहिलेला नाही. बलराम हाही वसुदेवाचाच पुत्र, पण त्याला कोणी वासुदेव म्हणत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन प्राकृत लेखात आरंभीच्या नमनात संकर्षण (म्हणजे बलराम) आणि वासुदेव ही दोन नावे शेजारी शेजारी येतात. व्युत्पत्तीने जे नाव दोघांनाही लागू पडले असते, ते तेथे एकाचेच विशेषनाम झाले आहे. ‘जो सर्वत्र वसतो तो वासुदेव’ ही विष्णुपुराणातील व्युत्पत्तीही याच दैवत झालेल्या नावाची आहे. ती भक्तीच्या अंगाने गोड असली, तरी वडिलांच्या नावाला लावता येत नाही.

मराठीत घोटाळा का होतो, हेही समजण्यासारखे आहे. मोरपिसांची टोपी घालून पहाटे टाळ-चिपळ्या वाजवीत दारी येणारा वासुदेव, वासुदेव बळवंत फडके, घरोघरचे वासुकाका यांच्यामुळे कान्याचे रूप कानात पक्के बसले आहे, आणि वसुदेव हे नाव मुलाला क्वचितच ठेवले जाते. त्यामुळे टोपली डोक्यावर घेऊन यमुना ओलांडणाऱ्या बापालाही आपण नकळत मुलाचे नाव देऊन मोकळे होतो.

पत्रिकेत म्हणून ‘वसुदेव-देवकीचा पुत्र’ असेच हवे. शब्द कमी करायचे असतील, तर ‘देवकीनंदन वासुदेव’ लिहावे. त्यात आई स्पष्ट येते आणि वडील त्या कान्यात येतातच.