शाळा टेक्ससची, अर्ज मात्र ‘परदेशी’

प्रश्न: आम्ही फ्रिस्कोला राहतो. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी चार वर्षांची असताना इथे आलो, आता ती अकरावीत आहे. रोबोटिक्स टीममध्ये असते, सॅट या प्रवेशपरीक्षेत 1600 पैकी 1540 आहेत. एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलटेक यांपलीकडे ती बघायला तयार नाही. शाळेतल्या काउन्सेलर परवा म्हणाल्या, की तिचा अर्ज ‘इंटरनॅशनल’ धरला जाईल. सगळं शिक्षण इथे होऊनही? शिवाय एक कन्सल्टंट सांगतात, की आर्थिक मदत हवी असं लिहू नका, चान्स जातो. काय करावं?
– एक आई, टेक्सस

उत्तर: ताई, काउन्सेलर बरोबर सांगतायत. नागरिकत्व नाही आणि ग्रीन कार्ड नाही, म्हणजे एमआयटीच्या लेखी आंतरराष्ट्रीय, मग शाळा कोथरूडची असो की फ्रिस्कोची. उलट अमेरिकेत जन्मून दुसरीत असताना आईबाबांबरोबर पुण्याला परतलेला मुलगा बारावी तिथे करूनही इथला अर्जदार ठरतो आणि सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्मही भरू शकतो. तुमच्या मुलीला तो भरता येणार नाही. मलाही हे खटकतं, पण यावर वाद घालत बसलात तर उन्हाळा हातचा जाईल.

फरक किती पडतो, तेही ऐका. एमआयटीचा पहिल्या वर्षाचा वर्ग साधारण 1,100 जणांचा असतो आणि त्यात परदेशी विद्यार्थी दहा-अकरा टक्के. जगभरातून अर्ज येतात, त्यांतल्या जेमतेम दोन टक्क्यांना प्रवेश मिळतो. 1540 ने दार बंद होत नाही, उघडतही नाही. त्यामुळे सॅट पुन्हा देण्यात आणखी एक उन्हाळा घालवू नका.

आता कन्सल्टंटचा सल्ला. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा. एमआयटी प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्यांच्याही पैशांकडे बघत नाही आणि घेतलेल्या प्रत्येकाची गरज भागवते. तिथे मदत न मागणं हा शुद्ध वेडेपणा. 2025 पासून तर दोन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांना तिथे ट्यूशन फी पडत नाही. स्टॅनफर्ड आणि कॅलटेकमध्ये परदेशी मुलांच्या बाबतीत मदतीची मागणी निर्णयात धरली जाते, हे खरं. पण अर्जाच्या वेळी मागितली नाही, तर पुढच्या चारही वर्षांत मागता येत नाही, हे कन्सल्टंट सांगतात का? वर्षाचा सगळा खर्च 90 हजार डॉलरच्या आसपास जातो. मधेच नवऱ्याची नोकरी गेली, तर काय कराल? कार्नेगी मेलन परदेशी पदवी विद्यार्थ्यांना मदत देतच नाही. जॉर्जिया टेकमध्ये गरजेवर आधारित मदतीची आशा धरू नका. चार वर्षांची रक्कम खरंच हाताशी असेल तरच ही दोन नावं यादीत ठेवा.

मदतीसाठी बहुतेक खाजगी विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात, आणि आपल्या घरांची गाडी तिथे हमखास अडते. पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर आहे, राहतात सासूसासरे. गावच्या सातबाऱ्यावर चार भावंडांबरोबर नवऱ्याचंही नाव आहे, पीक कोण घेतं ते देव जाणे. हे सगळं लिहायचं. लपवायचं नाही, फुगवायचंही नाही. सामायिक जमिनीत तुमचा हिस्सा किती आणि ती विकता का येत नाही, भारतात दरमहा किती पैसे पाठवता, सासऱ्यांच्या औषधपाण्याला किती जातात, हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात साध्या शब्दांत मांडा. मदत कार्यालयातल्या माणसाला सातबारा ठाऊक नसतो. समजावून सांगितलं, तर तो विचार करतो.

याहून मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. मुलगी तिच्या वडिलांच्या एच-1बी मुळे एच-4 या आश्रिताच्या व्हिसावर आहे, आणि तो एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. ग्रीन कार्डाच्या अर्जाची तारीख बघून वयाच्या हिशेबात काही सवलत मिळते का, हे वकिलाला विचारा, पण भारतीयांची रांग बघता त्या आशेवर बेत आखू नका. कॉलेजच्या मध्यावर तिला एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल असंच धरून चाला. खरं तर त्याआधीच जावं. एच-4 वर पगारी काम करता येत नाही आणि इंजिनिअरिंगच्या मुलांची उन्हाळी इंटर्नशिप दुसऱ्या वर्षापासूनच गंभीर होते. एमआयटीत 1969 पासून यूरॉप (UROP) नावाची संशोधनाची सोय आहे. तिथे पगार किंवा क्रेडिट (अभ्यासक्रमातले श्रेयांक), दोन्ही पर्याय असतात. एच-4 वर तिला क्रेडिटवर भागवावं लागेल. व्हिसा बदलायला महिने लागतात, म्हणून पहिल्या वर्षातच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन बसायला सांगा. आणि हे तिला आज सांगा. सतरा वर्षांच्या मुलीला आपला व्हिसा कोणता हे मैत्रिणीकडून कळावं, असं बऱ्याच मराठी घरांत घडतं. ‘तिला टेन्शन नको’ म्हणून आईबाप गप्प बसतात.

निबंधांबद्दल थोडक्यात. एमआयटीचा अर्ज त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर असतो. त्यात फक्त चार उपक्रम लिहायला जागा असते, आणि निव्वळ आनंदासाठी काय करतेस, असं बहुधा विचारतातच. मंडळाच्या गणपतीत मिळालेली सर्टिफिकेटं तिथे मावत नाहीत. मावली असती तरी कोणी वाचली नसती. शिफारसपत्रं एक गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं लागतं. इंग्रजीच्या बाईंशी तिचं पटत नसेल, तर मेपर्यंत जमवून घ्यावं.

राहिलं टेक्सस. एच-4 वरच्या मुलांनाही इथे वास्तव्य सिद्ध करून रहिवाशाची फी मिळू शकते. यूटी ऑस्टिन नव्या वर्गातल्या 90 टक्के जागा टेक्ससच्या मुलांना देतं. वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत असेल तर प्रवेश आपोआप मिळतो, फक्त इंजिनिअरिंगची शाखा मिळेलच असं नाही. टेक्सस ए अँड एममध्ये पहिलं वर्ष सर्वसाधारण इंजिनिअरिंग असतं, मग गुणांवर शाखा ठरते. ही दोन्ही यादीत वर ठेवा. ‘सेफ्टी’, म्हणजे हमखास मिळणारी म्हणून नाक मुरडण्यासारखी ही विद्यापीठं नाहीत.

मुलीचा वर्गातला क्रमांक आणि नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, कळवा. एमआयटीचा लवकरच्या फेरीचा, म्हणजे अर्ली अॅक्शन अर्ज 1 नोव्हेंबरला बंद होतो. तो बंधनकारक नसतो, त्यामुळे तिथून सुरुवात करायला हरकत नाही.