ट्रेलसाठी एटीव्ही घेताना सीसी नंतर बघा, आधी बेल्ट की गिअर ते ठरवा

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधल्या हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, वीकेंडला जायचंय, कधी बायको मागे बसेल कधी मुलगा, आणि सेकंडहँड ७०० सीसीची एक एटीव्ही (चार जाड टायरांची, हँडलने चालवायची उघडी गाडी) स्वस्तात मिळतीये तर घ्यावी का.

माझं मत विचाराल तर ७०० सीसीचा हट्ट सोडा. तो सगळा कोळशाच्या खाणींचा डोंगराळ भाग आहे, चढ-उतार, सुटे दगड, पाऊस पडून गेला की चिकणमातीचा नुसता राडा, तिथे वेग कुठे गाठणार तुम्ही? ताकद कमी पडली म्हणून अडकलेले मी फारसे पाहिले नाहीत, बेल्ट जळला म्हणून दोरी लावून ओढत आणलेले मात्र बरेच पाहिलेत.

पोलारिस, कॅन-ॲम, सुझुकी, यामाहा या सगळ्यांच्या ट्रेलच्या मोठ्या एटीव्हींमध्ये सीव्हीटी असतं, म्हणजे दोन पुली आणि मधे रबरी बेल्ट. चालवायला एकदम सोपं, पण हाय रेंजमध्ये (वेगासाठीच्या गिअरमध्ये) ठेवून हळूहळू चढ चढत राहिलात किंवा बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी गेलं की बेल्ट घसरतो, तापतो आणि वाया जातो. म्हणून अशी गाडी घेतलीत तर चढावर न विसरता लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाकायची आणि जादा बेल्ट व तो बदलायची हत्यारं सोबत ठेवायची. होंडाच्या रँचर ४२०, फोरमन, रुबिकॉन या गाड्यांत बेल्टच नाही, सरळ गिअर आहेत, काही मॉडेल्समध्ये डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्ससुद्धा मिळतो. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. साध्या रँचरला मागे सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असल्यामुळे दगडांवर कंबरेला हादरे बसतात हे खरं, पण फोर बाय फोर मॉडेलसुद्धा ६०० पाउंडांच्या आतबाहेर आहे, अडकली तर दोघांत हलवता येते. एकट्याने चालवायची असेल तर मी डोळे मिटून हीच सांगेन.

ताकद हवीच असेल तर यामाहाची ग्रिझली किंवा कोडियाक बघा. त्यांच्यात बेल्ट आहे पण तो कायम ताणलेला राहील अशी रचना आहे, त्यामुळे कमी झिजतो आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगही छान मिळतं.

आता मागे बसायचं. हे कृपया मनावर घ्या. साध्या एटीव्हीची सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावं म्हणून, दुसऱ्या माणसासाठी नाही. चढावर मागे वजन आलं की पुढची चाकं उचलतात आणि गाडी मागे उलटून दोघांच्या अंगावर येते. कंपनीने दोघांसाठी बनवलेली गाडी नसेल तर त्या ट्रेल्सवर डबलसीटला परवानगीच नाही. दोघांना एकत्र जायचं असेल तर पोलारिस स्पोर्ट्समन टूरिंग किंवा कॅन-ॲम आउटलँडर मॅक्स घ्या, बेल्ट आला तरी चालेल. त्यातही मागे बसणारा १२ वर्षांचा तरी हवा आणि त्याचे पाय फूटरेस्टवर नीट टेकले पाहिजेत. मुलाला स्वतः चालवायची असेल तर मोठ्या गाडीसाठी वय १६ लागतं.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय. सीट काढून एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) उघडा, फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, बारीक माती लागली तर ती इंजिनातही गेलेली असणार, तिथूनच परत फिरा. ऑइलची डिपस्टिक काढा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पुढचं चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवा, खटखट वाजलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. ॲक्सलच्या टोकांची रबरी बुटं फाटलेली असतील तर किंमत पाडून मागा. नुकतीच चकाचक धुतलेली गाडी असेल तर खालून टॉर्च मारा, चिखल तिथे राहतोच.

आणि ब्रँड कुठलाही घ्या, घराजवळ त्याचा डीलर आणि सुटे भाग आहेत का हे आधी फोन करून विचारा. तिकडे हेल्मेट सक्तीचं आहे आणि प्रत्येकाला परमिट लागतं, तेवढे पैसे बजेटमध्ये धरा. ज्या गाडीचं बोलणं चालू आहे तिचं मॉडेल, साल आणि एअरबॉक्सच्या आतला फोटो इथे टाका, बघून सांगतो.