अडतीस वर्षांच्या स्ट्रायकरला जपताना

प्रिय मित्रा,

फुटबॉलच्या राष्ट्रीय शिबिरात अडतीस वर्षांचा स्ट्रायकर तुझ्याकडे सोपवलाय, आणि त्याला जपायचं म्हणून तू त्याच्या सरावातल्या स्प्रिंट बंद करणार आहेस म्हणे. तेवढं करू नकोस. सरावात कधी जीव तोडून पळायचं नाही आणि सामन्यात ८० व्या मिनिटाला बचावपटूच्या मागे सुसाट सुटायचं, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटतो तो अशाच वेळी. सामन्याच्या तीन-चार दिवस आधी ३०-४० मीटरच्या चार स्प्रिंट दे, मध्ये दोन-तीन मिनिटं नुसतं चालू दे. शेवटची त्याच्या सर्वोच्च वेगाच्या ९० टक्क्यांपुढे गेली पाहिजे. त्यासाठी जीपीएस व्हेस्टचा आकडा बघ. ‘मस्त वाटतंय’ तर तो रोजच म्हणेल.

कमी करायचंच असेल तर छोट्या मैदानावरचे चार-विरुद्ध-चार डाव कमी कर. तिथल्या सततच्या थांबण्या-वळण्यात पोटरी आणि अकिलीस (टाचेमागची कंडरा) मार खातात. या वयात पोटरी मोठी लबाड असते. कळ येत नाही, नुसती जड वाटते. रोज सकाळी एका पायावर टाच उचलायला लाव. एरवी २५ वेळा जमणारं आज १५ वर अडलं, तर त्या दिवशी मैदान नाही, सायकल.

नॉर्डिक (गुडघ्यांवर राहून, घोटे धरून ठेवून हळूहळू पुढे झुकायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम) तो क्लबात करत असेल तर आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोन सेट. करत नसेल तर शिबिरात सुरू करू नकोस. मांड्या दोन-तीन दिवस ठणकतील आणि सामना तोंडावर असेल. म्हणून आधी क्लबच्या ट्रेनरला फोन करून गेल्या चार आठवड्यांचे आकडे माग. लांबच्या विमानप्रवासानंतरचा पहिला दिवस हलकाच.

मिनिटांचा निर्णय प्रशिक्षकाचा, पण बाजू तू मांड. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनच्या ३८ वर्षांच्या रॉजर मिलाने चारही गोल बदली खेळाडू म्हणून केले. सुनील छेत्री मार्च २०२५ मध्ये चाळिशीत निवृत्तीतून भारतीय संघात परतला तेव्हा शिलाँगमधल्या दोन सामन्यांत सहा दिवसांचं अंतर होतं. तीनच दिवस मिळाले, तर दोन्हीकडे ९० मिनिटं मागू नकोस. बदली म्हणून उतरवणार असाल तर मध्यंतरातच त्याला उठव आणि उतरण्याआधी दोन जोरदार स्प्रिंट मारून घे. बाकावर गार पडलेला स्नायू तसाच मैदानात पाठवू नकोस.

सामन्यानंतर तासाभरात दोन वाट्या भात आणि चिकन किंवा अंडी पोटात जाऊ देत. संध्याकाळचा सामना असेल तर मध्यंतरातली कॉफी बंद, नाहीतर पहाटेपर्यंत टक्क जागा राहील.